औषधी तुळस पुण्यात कुठे लावावी? नवशिक्यांसाठी जागेची निवड

तुळस पुण्यात कुठेही येते. ती जुन्या वाड्याच्या वृंदावनात येते, तशीच सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत रंगाच्या रिकाम्या डब्यातही येते, आणि त्यामुळेच ती कुठे लावली याने काही बिघडते असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. पूजेच्या तुळशीचे काही बिघडतही नाही. मात्र काढ्यासाठी, पाने वाळवून वर्षभर ठेवण्यासाठी किंवा पुढेमागे विक्रीसाठी तुळस लावायची असेल, तर जागेचा विचार रोप आणण्याआधी करावा लागतो. एकाच झाडाच्या दोन फांद्यांपासून दोन रोपे करून एक दिवसभराच्या उन्हात आणि दुसरे इमारतींमधल्या बोळात ठेवले, तर तीन महिन्यांनी दोन्हींची पाने बोटांत चुरगळून पाहणाऱ्याला फरक सांगावा लागत नाही.

हा फरक कुठून येतो हे आधी समजून घेतले, तर पुढच्या पायऱ्या घोकाव्या लागणार नाहीत. तुळशीच्या पानावर डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा सूक्ष्म तेलग्रंथी असतात आणि सुगंधी तेल त्यांत साठते. या तेलात युजेनॉल हा लवंगेच्या वासाचा घटक महत्त्वाचा असतो. त्याच्या जोडीला मिथाइल युजेनॉल, बीटा-कॅरिओफायलीन आणि इतर घटक कमीअधिक प्रमाणात असतात. तेलाखेरीज पानांत उर्सोलिक आम्ल आणि रोझमॅरिनिक आम्लही असते. झाड हे सारे आपल्या खोकल्यासाठी तयार करत नाही. कीड, बुरशी, प्रखर ऊन आणि पाण्याची ओढ यांना तोंड देण्याची ती त्याची स्वतःची सोय आहे, आणि ज्या झाडाला सगळे आयते मिळते ते या सोयीवर फारसा खर्च करत नाही. उलट ज्याचे फारच हाल होतात त्याच्याकडे खर्च करायला काही उरत नाही, ते खुरटते आणि हाती पानेच कमी येतात. औषधी तुळशीची जागा शोधायची ती या दोन टोकांच्या मधली.

पहिली पायरी: झाड ओळखणे

जागेच्या आधी जात पाहावी. रोपवाटिकांत ‘तुळस’ या एकाच नावाखाली निरनिराळी झाडे मिळतात. हिरव्या पानांची रामतुळस आणि जांभळट देठापानांची कृष्णतुळस या दोन्ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या, म्हणजे ओसिमम टेन्युइफ्लोरमच्या आहेत. जुन्या पुस्तकांत हिलाच ओसिमम सँक्टम म्हटलेले असते. मोठ्या पानांची, कमरेच्या वर वाढणारी रानतुळस वेगळी, कापराच्या वासाची कापूर तुळस वेगळी, आणि फालुद्यात ज्याचे बी पडते तो सब्जा आणखी वेगळा. या लेखातले सारे पहिल्या दोघींविषयी आहे.

एकाच जातीतही वंशानुसार तेलाची घडण बदलते, आणि ‘या गावची वनस्पती गुणाला चांगली’ असे जे म्हटले जाते त्यात मातीचा वाटा किती आणि वंशाचा किती हे बाहेरून कळत नाही. वेखंडाचे उदाहरण बोलके आहे. उत्तर अमेरिकेतील वेखंडात बीटा-असारोन हा घटक आढळत नाही आणि आशियातील काही वेखंडांत तो भरपूर असतो. वरवर पाहता हा देशादेशांच्या हवामानाचा फरक वाटेल, परंतु त्याचे मूळ गुणसूत्रांच्या संचांत आहे. अमेरिकेतले झाड दोन संचांचे आहे आणि भरपूर बीटा-असारोनचे झाड चार संचांचे. तुळशीच्या बाबतीत हा घोळ टाळायचा असेल तर बियाणे नाव माहीत असलेले घ्यावे. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, ‘सिम-आयु’ हा भरपूर युजेनॉलचा आणि ‘सिम-अंगना’ हा जांभळ्या तुळशीचा वाण दिलेला आहे. घरच्यापुरती तुळस लावणाऱ्याला वाणाची गरज नाही. वासाला तिखट असलेले, शेजारपाजारचे एक चांगले झाड पुरते.

दुसरी पायरी: एका आईची लेकरे

तुळशीला बियांपासून वाढवले तर प्रत्येक रोप थोडे वेगळे निघते, त्यामुळे जागांची तुलना करायची असेल तर बी न पेरता एकाच झाडाच्या फांद्यांची कलमे करावीत. जून-जुलैमध्ये, हवेत ओल असताना, मंजिरी न आलेल्या कोवळ्या पण लिबलिबीत नसलेल्या फांद्यांचे १० ते १२ सेंटीमीटरचे तुकडे घ्यावेत, खालची पाने काढावीत आणि ते ग्लासभर पाण्यात उजेडात, परंतु थेट उन्हाबाहेर ठेवावेत. पाणी दोन दिवसांनी बदलावे. साधारण दोन आठवड्यांत पांढऱ्या मुळ्या दिसू लागतात. काही तुकडे कुजणारच, म्हणून हवी आहेत त्याच्या दुप्पट कलमे करावीत. तयार झालेली रोपे सारख्या मापाच्या कुंड्यांत, एकाच ढिगातल्या मातीत लावावीत आणि घराभोवतीच्या दोन-तीन वेगळ्या जागी ठेवावीत. कोणती जागा चांगली हे मग कुणाला विचारावे लागत नाही.

तिसरी पायरी: ऊन मोजणे

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा. एका सुटीच्या दिवशी सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला त्या जागेवर थेट ऊन आहे की नाही हे वहीत लिहावे. सहा तास भरले तर जागा उत्तम, चार तास भरले तर चालण्यासारखी. त्याहून कमी असेल तर तिथे पूजेची तुळस ठेवावी.

ही नोंद वर्षातून एकदा करून भागत नाही, कारण पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भरदुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेकडून जातो, उरलेल्या वर्षभर दक्षिणेकडून. दक्षिणेकडची बाल्कनी त्यामुळे हिवाळ्यात उन्हाने भरलेली असते आणि मे महिन्यात तिच्यात दुपारी सावली येते. उत्तरेकडच्या बाल्कनीला ऊन मिळते ते नेमके त्याच सुमारास, आणि त्यातला मोठा भाग पावसाळी ढगांत जातो. पश्चिमेच्या बाल्कनीत एप्रिल-मेची दुपार कुंडीतली माती अक्षरशः भाजून काढते, तिथे तेवढ्या दोन महिन्यांपुरते हिरवे शेडनेट लावावे. माझा कल पूर्व किंवा आग्नेयेकडच्या जागेकडे आहे, आणि गच्ची मिळत असेल तर दुसरीकडे पाहूच नये.

उन्हाला इतके महत्त्व देण्यामागे कारण आहे. तुळशीची बहीण असलेल्या सब्जाच्या कुळातल्या बेसिलवर नियंत्रित उजेडात झालेल्या प्रयोगांत, भरपूर उजेडात वाढलेल्या रोपांत लिनॅलूल हा सुगंधी घटक आणि युजेनॉल वाढले, तर कमी उजेडात मिथाइल युजेनॉलचा वाटा वाढला. म्हणजे सावलीत नुसता वास कमी होतो असे नाही, वासाची घडणही बदलते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये मिथाइल युजेनॉलला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले आहे. चहात टाकलेल्या चार पानांनी घाबरून जाण्याचे यात काही नाही, पण औषध म्हणून रोज घ्यायची पाने सावलीतल्या झाडाची नसावीत एवढे शहाणपण त्यातून जरूर घ्यावे. तापमानाचेही तसेच आहे. त्याच बेसिलमध्ये १५ अंश सेल्सिअसला वाढलेल्या रोपांपेक्षा २५ अंशांना वाढलेल्या रोपांत सुगंधी तेलाचे प्रमाण सुमारे तिप्पट आढळले. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची पहाट बारा अंशांच्या आसपास किंवा खाली उतरते, तेव्हा तुळशीची पाने बारीक, जाड आणि जांभळट होतात. तो जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो आणि त्यावरून तेल वाढले असा अर्थ काढू नये.

चौथी पायरी: माती, आणि खताचा मोह

चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधी कोणत्या भूमीतल्या घ्याव्यात याचा विचार आहे. जांगल म्हणजे कोरडा, आनूप म्हणजे पाणथळ आणि साधारण म्हणजे या दोहोंच्या मधला असे देशाचे तीन प्रकार सांगून, औषधांसाठी जांगल किंवा साधारण देश पसंत केला आहे. पाणथळ आनूप देश त्या पसंतीत नाही. पुणे जिल्ह्यात राहणाऱ्याला ही वर्गवारी समजावून द्यावी लागत नाही, कारण मुळशी ते बारामती या दिवसभराच्या प्रवासात ती खिडकीतून दिसते.

तुळशीला निचऱ्याची माती लागते, बाकी तिच्या फारशा मागण्या नाहीत. नुसती काळी माती कुंडीत भरू नये. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग बारीक मुरूम किंवा जाड वाळू हे मिश्रण पुण्याच्या हवेला मानवते. कोकोपीट घालायचे तर मूठभर घालावे. कुंडी निदान १२ इंची असावी आणि तिच्या तळाचे भोक खापरीने झाकलेले असावे, बुजलेले नसावे.

खताबद्दल माझी एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी सुचेल तेव्हा चमचाभर युरिया टाकत गेलो आणि तुळस अशी फोफावली की येणारा-जाणारा थांबून कौतुक करी. पाने विड्याच्या पानांशी स्पर्धा करतील की काय असे वाटू लागले. काढा केला तेव्हा मात्र तो उकळलेल्या पालेभाजीच्या पाण्यासारखा लागला. नत्र मुबलक मिळाले की झाड आपला सारा कस नव्या पानांत आणि प्रथिनांत ओतते. युजेनॉलसारख्या घटकांकडे वळणारा माल कमी पडतो आणि जो तयार होतो तोही मोठ्या पानांत विरळ पसरतो. त्या वर्षापासून कुंडीला वर्षातून दोनदा, जूनच्या आरंभी आणि पहिल्या कापणीनंतर, दोन मुठी शेणखत आणि चिमूटभर निंबोळी पेंड यापलीकडे काही देत नाही.

पाचवी पायरी: पाणी आणि शेजार

पाणी मातीचा वरचा इंचभर थर सुकल्यावर द्यावे. कापणीच्या आधीच्या आठवड्यात थोडी ओढ दिली, म्हणजे दुपारी पाने किंचित मान टाकतील आणि संध्याकाळी सावरतील इतपत, तर वास दाटतो. त्याहून ओढ दिली तर खालची पाने गळतात.

बोअरवेलचे पाणी जड असेल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो, मातीतले चुन्याचे प्रमाण वाढत जाते आणि नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. ही लोहाची उणीव आहे. लोह मातीत असते, चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. अशा ठिकाणी पावसाचे पाणी साठवून वापरावे आणि कुंडीतली माती दरवर्षी बदलावी.

शेजार हा मुद्दा शहरात टाळता येत नाही. सिंहगड रस्ता किंवा सातारा रस्ता यांसारख्या रहदारीच्या रस्त्याकडेच्या खालच्या मजल्यांवर पानांवर धुळीचा थर बसतो, तो उजेड अडवतो आणि धुळीबरोबर जड धातूही येऊ शकतात. मुळा-मुठेच्या काठच्या गाळाची माती किंवा नदीचे पाणी औषधी झाडाला वापरू नये. आयुर्वेदिक कच्च्या मालासाठी शिसे दशलक्षात १० भाग, आर्सेनिक ३ भाग, पारा १ भाग आणि कॅडमियम ०.३ भाग अशा कमाल मर्यादा आहेत, आणि पान धुतल्याने धूळ जाते, मुळांवाटे आत गेलेला धातू जात नाही. रस्त्याकडेची बाल्कनी आणि सोसायटीची मागची गच्ची यांत निवड करायची वेळ आली, तर एखादा तास ऊन कमी मिळाले तरी गच्चीच घ्यावी. सोसायटीच्या बागेला टँकरचे किंवा सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी मिळत असेल तर तीही चौकशी करावी.

सहावी पायरी: कापणीचा दिवस

जागा कितीही चांगली असली तरी चुकीच्या दिवशी खुडलेली पाने तिचा गुण दाखवत नाहीत. जुलै-ऑगस्टमधली तुळस दिसायला सर्वांत देखणी असते आणि वासाला सर्वांत मंद, कारण ऊन नसते आणि पानांत पाणी भरलेले असते. पुण्यात खरी कापणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात करावी. मंजिऱ्या नुकत्या फुटू लागल्या की पानांसाठी ती योग्य वेळ, आणि तेल काढायचे असेल तर झाड पूर्ण फुलावर येऊ द्यावे. कार्तिकातल्या तुळशीच्या लग्नाला झाड मंजिऱ्यांनी लगडलेले असते. ज्यांना लग्न लावायचे आहे त्यांनी एक झाड त्यासाठी राखून बाकीची त्याआधी कापावीत, म्हणजे दोन्ही साधते.

आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर थांबावे. दव उडून गेल्यावर, दहाच्या सुमारास, कोरड्या पानांची कापणी करावी. जमिनीपासून निदान वीतभर खोड आणि त्यावर काही पाने सोडली तर झाड पुन्हा फुटते आणि दोन-अडीच महिन्यांनी दुसरी कापणी मिळते. अगदी कोवळ्या पानांत तेलग्रंथी दाटीने असतात आणि पान पसरेल तशा त्या विरळ होतात, म्हणून शेंड्याकडची पाने वेगळी ठेवली तर बरे.

सातवी पायरी: वाळवणे

पापडासारखी तुळस उन्हात घालू नये, तेल उडून जाते आणि पान काळे पडते. हवेशीर खोलीत, सावलीत, सुती कापडावर एकेरी थर पसरावा आणि दिवसातून दोनदा हलवावा. ड्रायर वापरणार असाल तर तापमान ४० अंशांपुढे नेऊ नये. पान बोटांत कुरकुरीत मोडले की झाले. ताज्या पानांचे वजन वाळल्यावर साधारण पाचव्या हिश्श्यावर येते.

आठवी पायरी: तुलना

आता तीन जागांच्या तीन पुड्या हाती आल्या. त्यांची तुलना घरी करता येते, फक्त ती प्रामाणिकपणे करावी. प्रत्येक जागेची दोन ग्रॅम पाने घरगुती वजनकाट्यावर तोलून वेगवेगळ्या सारख्या कपांत घ्यावीत, प्रत्येकी १५० मिलिलिटर उकळते पाणी ओतून झाकण ठेवावे आणि दहा मिनिटांनी घरातल्या कुणालातरी, कोणता कप कुठला हे न सांगता, वास आणि चव यांचा क्रम लावायला सांगावे. तिखटपणा आणि लवंगेची झाक कोणत्या कपात जास्त आहे एवढाच प्रश्न विचारावा. दोन-तीन जणांचा क्रम जुळला तर त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. नाकाला उर्सोलिक किंवा रोझमॅरिनिक आम्ल कळत नाही, ही मर्यादा मात्र लक्षात असू द्यावी. नेमके आकडे हवे असतील तर प्रयोगशाळेत क्लेव्हेंजर उपकरणाने तेल काढून गॅस क्रोमॅटोग्राफीने घटक मोजतात. घरच्यापुरत्या लागवडीला तो खर्च अस्थानी आहे, विक्रीचा विचार असेल तर तो आधीच हिशेबात धरावा.

जो रोज काढा घेणार आहे त्याच्यासाठी एक सूचना इथेच द्यायला हवी. रक्त पातळ करणारी किंवा साखर कमी करणारी औषधे चालू असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधी मात्रेत तुळस सुरू करू नये. चांगल्या जागेतली तिखट तुळस तर मुळीच नाही.

शेतात लावायची असेल तर

कुंडीतला अनुभव गाठीशी बांधून काही जण गावाकडच्या जमिनीचा विचार करतात. पुणे जिल्हा अशा प्रयोगाला सोयीचा आहे, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस झपाट्याने घटतो. लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पुणे शहरात सातशेच्या आसपास, आणि बारामती-इंदापूरकडे त्याहूनही कमी. मावळ-मुळशीच्या पट्ट्यात पावसाळी तुळस मुळकुजव्याला बळी पडते आणि चार महिने उन्हाला पारखी होते. तिथे लागवड करायचीच तर उताराच्या जागी, गादीवाफ्यावर आणि पाऊस कमी झाल्यावर करावी. बारामती, दौंड, इंदापूरकडे ऊन आहे, पण खोल काळी आणि कालव्याच्या पाण्याने खारवट होऊ लागलेली जमीन टाळावी. अंजिरासाठी नाव असलेला पुरंदरचा मुरमाड, निचऱ्याचा माळ आणि शिरूरची हलकी जमीन यांना मी तुळशीसाठी पहिली पसंती देईन. उत्पादन काळ्या जमिनीपेक्षा कमी येईल हे धरून चालावे, विक्री मात्र वजनावर करायची की तेलावर हे आधी ठरवावे, कारण वजनावर भाव देणाऱ्याला तुमच्या पानाच्या तिखटपणाशी देणेघेणे नसते.

एका हेक्टरसाठी रोपवाटिकेत साधारण ३०० ग्रॅम बी पुरते, इतके ते बारीक असते. ते वाळूत मिसळून एप्रिल-मेमध्ये टाकावे, रोपे सहा आठवड्यांची झाल्यावर पावसाच्या सुरुवातीला ४० सेंटीमीटर अंतराने लावावीत, आणि पहिली कापणी लागवडीनंतर तीन महिन्यांच्या सुमारास धरावी. माती परीक्षण बारामती किंवा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात करून घेता येते. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचे पश्चिम विभागाचे केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहे, लागवडीबाबत तिथे विचारणा करावी. सारे क्षेत्र एकदम गुंतवू नये. पहिल्या वर्षी दोन वेगळ्या जमिनींवर दोन-दोन गुंठे लावावेत, बियाणे, अंतर आणि कापणीचा दिवस दोन्हीकडे एकच ठेवावा, आणि दोन्हीकडची प्रत्येकी २०० ग्रॅम वाळलेली पाने हवाबंद काचेच्या बरणीत, गावाचे नाव, गट क्रमांक आणि कापणीची तारीख लिहून, अंधारात ठेवावीत. खरेदीदार नमुना मागेल तेव्हा एक बरणी त्याच्यासमोर उघडावी, दुसरी स्वतःकडे राखावी.